वैजाक्काचा हृदयांक

माझ्या आईचं ठरलेलं लग्न मोडायला मी निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे मी फार गुणी मुलगी वाटायला लागले, तर वाचणाऱ्याने सावध राहावं.

आई पंचावन्न वर्षांची. माणदेशात काळेलवाडीला एकटी राहते. मी नऊ वर्षांची असताना विहिरीच्या कामावर दरड अंगावर येऊन वडील गेले. त्यानंतर आईने शेळ्यांच्या जिवावर मला वाढवलं, शिकवलं, पुण्याला धाडलं आणि मी एका मोठ्या रक्त-प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तिथेच एका दुपारी डबा खाताना तिचा फोन आला.

"प्रांजल, मी लगीन करायचं म्हणती."

"कुणाचं?"

"कुणाचं म्हंजी? माझं."

मला ठसका लागला. तो थांबेपर्यंत आई पलीकडे शांतपणे वाट बघत होती.

नवरदेव म्हणजे शेजारच्या वस्तीवरचे जालिंदर विरकर. एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, निवृत्त झाले. बायको मूत्रपिंडाच्या आजाराने तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं न्हाणंधुणंसुद्धा त्यांनीच केलं. ती गेल्यावर वेळ जाईना म्हणून सात शेळ्या घेतल्या. इंजिनातलं सगळं कळायचं, शेळीतलं काहीच नाही. एक शेळी फुगली तेव्हा तिच्या पोटाला कान लावून त्यांनी आईला फोनवर आवाजाचं वर्णन केलं होतं म्हणे. आई धावत पोचली, शेळी वाचली आणि जालिंदरकाका चहा टाकायला उठले. पुढे त्यांच्या शेळ्या वरचेवर आजारी पडू लागल्या. गावाला जे दोन महिन्यांत कळलं ते मला दोन वर्षांनी कळलं.

सगळं गाव आईला वैजाक्का म्हणतं. जालिंदरकाकाही म्हणायचे. लग्नाचं बोलणं झाल्यावर 'अक्का' म्हणणं बरं दिसेना आणि दुसरं काही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून ते आईला हाकच मारत नव्हते. नुसते अंगणात येऊन खाकरायचे.

या वयात पुरुष लग्न करतो तो गरम भाकरीसाठी आणि पुढच्या आजारपणाच्या सोयीसाठी, असं माझं ठाम मत होतं. आईने उभा जन्म खस्ता खाल्ल्या, आता या माणसाचं दुखणं काढायचं? मी म्हटलं, "कर खुशाल. पण आधी दोघांचा हृदयांक काढू." मनात खात्री होती की काकांचा आकडा चांगला चाळीस-पन्नास निघेल आणि माझं काम परस्पर होईल.

हृदयांक म्हणजे काय हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे, तरी सांगते. हृदयाच्या स्नायूवर ताण आला, त्याच्या पेशी झिजल्या, की त्यातली प्रथिनं कणाकणाने रक्तात उतरतात. पूर्वी माणूस छातीला हात लावून दवाखान्यात आल्यावर डॉक्टर ती मोजायचे. पुढे मोजमाप इतकं बारीक झालं की झटका यायच्या कितीतरी वर्षं आधीची झीजही दिसू लागली. अशी सहा प्रथिनं, शिवाय वय, वजन, रक्तदाब, साखर हे सगळं लाखो माणसांच्या नोंदींशी ताडून यंत्र एक आकडा देतं. आकडा वीस आला, तर तुमच्यासारख्या शंभर माणसांतली वीस पुढच्या पाच वर्षांत हृदयविकाराने जातात. ती वीस कुठली, हे यंत्र सांगत नाही. पण बाकीची नव्व्याण्णव माणसं कुणाला दिसतात? प्रत्येकाला आपलाच आकडा दिसतो.

आठ-दहा वर्षांत या आकड्याने काय काय केलं! मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे हातात घेण्याआधी आकडा विचारू लागली. गेल्या निवडणुकीत आमच्याच तालुक्यात एका उमेदवाराने फलकावर आपल्या नावाखाली 'हृदयांक ६' असं छापलं आणि तो निवडून आला. आमच्या प्रयोगशाळेचा तर मोठा दिमाख होता. आमचा आकडा सहसा चुकत नाही, हे मी पाहुण्यांना नाक वर करून सांगायची.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. जालिंदरकाका इस्त्रीचा सदरा घालून आले आणि हात पुढे करून डोळे मिटून बसले. आईने मात्र सुई टोचेपर्यंत माझ्याच हाताकडे बघत मला दोन चुका सांगितल्या. मोबाइलवर दोघांचे फॉर्म मीच भरले. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, जुने आजार. शाळेत असल्यापासून घरातले फॉर्म मीच भरत आलेय, त्यामुळे फार विचार लागत नाही. नळ्या बर्फाच्या डब्यात घालून मी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला आले.

बुधवारी आकडे आले. जालिंदर विरकर, चौदा. वैजयंता काळेल, एकाहत्तर.

मी उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बघितलं. एकाहत्तरच होते. मग मी प्रसाधनगृहात गेले आणि दार लावून तोंडावर रुमाल दाबून रडले. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात माझी आईच पडली होती.

फोनवर सांगताना मी शब्द फिरवून फिरवून बोलत होते. आईने मध्येच तोडलं.

"किती म्हणालीस?"

"एकाहत्तर. पण आपण उपचार..."

"म्हंजी शंभर शेळ्यांतल्या एकाहत्तर गेल्या. कळलं मला." मग म्हणाली, "जालिंदररावांला आकडा सांगू नगंस. वैजाक्कानं नगं म्हटलंय, एवढंच सांग. त्या माणसानं एकदा तीन वर्षं काढलीत. परत त्येच त्येच्या गळ्यात न्हाई बांधायचं."

लग्न मोडलं होतं. मला हवं तसं, माझ्याच हातून. मला स्वतःची एवढी चीड कधी आली नव्हती.

रजा टाकून मी गावी गेले आणि आईला साताऱ्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजी काढला, पडद्यावर हृदय बघितलं. झडपा ठीक, स्नायू ठीक, ठोके नियमित. डॉक्टर स्वतःशीच "छान, छान" म्हणत होते. मग त्यांनी आमचा अहवाल उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पडद्यावर काही दिसत नाही," ते म्हणाले, "पण पडदा आजचं सांगतो. आकडा उद्याचं सांगतो." त्यांनी पाच गोळ्या लिहून दिल्या आणि चढावर चालणं, ओझं उचलणं, दगदग, सगळं बंद केलं. समोर धडधाकट हृदय दिसत असताना त्यांनी आकड्यावर विश्वास ठेवला, आणि तो ठेवायला त्यांना शिकवणाऱ्यांत मीही होते.

घरी आल्यावर मी आईचं ऐकलं नाही. विरकरांच्या वस्तीवर गेले आणि काकांना सगळं सांगितलं. म्हटलं, माणसाला खरं कारण तरी कळावं. ते शेळ्यांना पाला टाकत होते. आकडा ऐकून त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"बरं," एवढंच म्हणाले आणि पुन्हा पाला टाकायला लागले.

त्यानंतर दोन दिवस माणूस फिरकला नाही. अंगणात खाकरणं ऐकू येईना. भाकरी करताना आईचं लक्ष दाराकडे होतं. मी मनात म्हटलं, पळाला. शेवटी माझंच मत खरं ठरलं. तरी त्यात काही आनंद वाटेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी जालिंदरकाका आले. विजारीचे दोन्ही गुडघे मळून काळे झाले होते.

"म्हसवडच्या दवाखान्यात गेलतो," ते उभ्या उभ्याच आईला म्हणाले. "काळीज थांबलं तर छाती दाबाय शिकलो. रबरी बाहुला असतोय, त्येच्यावर. मिनटाला शंभर ते एकशेवीस. कमी बी न्हाई, जास्त बी न्हाई. मॅडमनी दोनदा नापास केलं. काल पास झालो."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी भांडी आवरायला लागले.

"ह्यांला कुणी सांगितलं, ते मी नंतर बघती," आई म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. "हे बघा, तुमी एकदा केलंय. तीन वर्षं. पुरे झालं की."

"पयल्यांदा केलं तवा मला काय येत न्हवतं," काका म्हणाले. "आता येतंय."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. आईची मान खाली गेली, बोटं पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं, आता हो म्हणेल.

"न्हाई म्हंजी न्हाई," ती म्हणाली. "मला हौस न्हाई तुमच्या दारात मराय यायची."

काकांनी मान हलवली. वाद घालायचा त्यांचा स्वभावच नाही. जायला वळले आणि पुन्हा थांबले. "बरं, त्ये ऱ्हाऊ द्या. पर माझी काळी शेळी रातीपासनं कळा देतीया. करडू काय भाईर येईना."

आई चटकन उठली, औषधांची पिशवी खांद्याला लावली.

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मग बोलीव तुझ्या डागतराला. त्यो येतोय का शेळी सोडवाय?"

मी मागोमाग धावले. तिचा हात धरावा की पिशवी, ते कळेना. गोठ्यात पोचल्यावर तिने कोपरापर्यंत हात साबणाने धुतले, तेल लावलं आणि शेळीच्या मागे बसली. काकांनी शेळीचं डोकं मांडीवर घेतलं. आईने डोळे मिटले. आतलं बोटांनी बघत होती ती.

"पुढचा पाय मागं दुमडलाय. ढकलून सरळ करावा लागंल."

"निदान हातमोजे तरी घाल," मी ओरडले. "हात बघ की तुझे!" बाभळीचा पाला तोडून तोडून तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते, काही ताजे, काही जुने.

"मोज्यात बोटाला कळत न्हाई. तीस वर्षं असंच करती. किती शेळ्यांचं रगत ह्या हातात मुरलंय, त्येची काय मोजदाद हाय व्हय?"

एक हिसका, शेळीचं एक लांब ओरडणं, आणि करडू गवतावर पडलं. आईने त्याच्या नाकातोंडातलं पुसलं, मागचे पाय धरून हलवलं. ते शिंकलं. काका हसायला लागले. आईच्या हातावरच्या ताज्या ओरखड्यांवरून रक्त ओघळत होतं. त्यात तिचं किती आणि शेळीचं किती, सांगता आलं नसतं.

मी ते बघत उभी होते आणि एकाएकी मला आमची चाचणीची पट्टी आठवली.

आमच्या चाचणीची पट्टी कशी चालते ते सांगितलं पाहिजे. हृदयाचं एकेक प्रथिन पकडायला तिथे दोन प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, असतात. एक पट्टीला चिकटलेलं, दुसरं मोकळं आणि चकाकणारं. प्रथिन मध्ये आलं की दोघं त्याला दोन बाजूंनी धरतात आणि उजेड पडतो. जितका उजेड जास्त, तितकी झीज जास्त. ही प्रतिपिंडं आम्ही मिळवतो शेळीच्या रक्तातून. आता ज्याच्या अंगात वर्षानुवर्षं ओरखड्यांतून, जखमांतून शेळीचं रक्त जात आलंय, त्याचं शरीर त्या परक्या रक्ताविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं तयार करून ठेवू शकतं. अशा माणसाचं रक्त पट्टीवर आलं, की ती आमच्या दोन्ही प्रतिपिंडांना शेळीची म्हणून ओळखतात आणि एकेका हाताने धरतात. मध्ये हृदयाचं प्रथिन नसलं तरी जोडी जुळते. उजेड पडतो. यंत्राला वाटतं, हृदय झिजलं.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. जनावरांचे डॉक्टर, दूधसंघातले कामगार, खाटीक अशांसाठी आमच्याकडे वेगळी पट्टी असते. तिच्यातली प्रतिपिंडं कोंबडीच्या अंड्यातून काढलेली असतात, म्हणून हा घोटाळा तिथे होत नाही. कुठली पट्टी वापरायची ते यंत्र आपोआप ठरवतं, फॉर्मवरचा व्यवसाय बघून.

मी मोबाइल काढला. आईचा फॉर्म उघडला. व्यवसाय या रकान्यात मी लिहिलं होतं, गृहिणी.

पाचवीपासून दहावीपर्यंत दर वर्षी 'आईचा व्यवसाय' समोर मी हाच शब्द लिहिला होता. पाच वाड्यांतल्या शेळ्यांना लस टोचणारी, ऊन असो थंडी असो अडलेली शेळी सोडवायला चालत जाणारी बाई मी रोज बघत होते. तिच्या त्या कामावर मी जेवले, शिकले. पण ते काम आहे, असं लिहायचं मला कधी सुचलंच नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"आई, हात धू आणि बस," मी म्हटलं. "मला परत रक्त घ्यायचंय."

"आता आनी कशापाय?"

"बस म्हणते ना!"

खोटी आशा लावायची नाही म्हणून मी दोघांनाही काही सांगितलं नाही. नळी घेऊन तडक पुणं गाठलं.

आधी साधी परीक्षा केली. रक्त दुप्पट पातळ केलं की प्रथिनाचं प्रमाण निम्मं दिसायला हवं. आईच्या रक्तात ते जवळजवळ होतं तेवढंच राहिलं. म्हणजे उजेड प्रथिनाचा नव्हता. मग कोंबडीवाली पट्टी लावली. त्या पट्टीला चाळीस मिनिटं लागतात. मी खुर्चीत बसू शकले नाही, यंत्राभोवती फेऱ्या मारत राहिले. आमच्या प्रमुख डॉ. झरीना मुजावर येऊन मागे उभ्या राहिल्या तेही कळलं नाही.

पडद्यावर आकडा आला. आठ.

माझा जीव भांड्यात पडला. मी यंत्रावर डोकं टेकवून हसले, रडले, काय केलं ते मला नीट आठवत नाही. मुजावरबाईंनी पाठीवर हात ठेवला, आणि मग त्यांची नजर दोन्ही फॉर्मवर गेली.

"तुझी आई करते काय?" त्यांनी विचारलं.

"शेळ्यांवर उपचार करते. तीस वर्षं झाली."

"मग पहिल्या फॉर्मवर लिहिलं का नाहीस?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. खुर्ची ओढून त्यांनी नोंदी उघडल्या. शेळ्या-मेंढ्या जास्त असलेले तालुके, स्त्रिया, व्यवसाय गृहिणी, आकडा पन्नासच्या वर. पडद्यावर नावं उतरत गेली. एकशे त्रेचाळीस.

"सगळ्यांना फोन लावायचे," बाई म्हणाल्या. "आज. आणि चूक आपली आहे, हे पहिल्या वाक्यात सांगायचं."

पुढच्या महिनाभरात त्यांतल्या शहाण्णव बायकांचे आकडे खाली आले. काही जणी दोन वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या, एकीने मुलीचं लग्न घाईने उरकलं होतं. उरलेल्या सत्तेचाळीस जणींचा आकडा खरा होता, त्यांचे उपचार चालू राहिले. हे मी पुढचं सांगितलं. त्या दिवशी रात्रीपर्यंत आम्ही सगळ्यांना फोन लावले, आईला मात्र मी केला नाही. सकाळची पहिली गाडी पकडली.

मी पोचले तेव्हा आई अंगणात शेंगा फोडत होती. जालिंदरकाका पायरीजवळ काहीतरी मोजत होते. दार रुंद केलं तर रुग्णवाहिकेची खाट आत येईल का, ते बघत होते. लग्नाला नकार मिळालेला माणूस!

"आठ!" मी फाटकातूनच ओरडले. "आई, एकाहत्तर नाही. आठ!"

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं. शेळीचं रक्त, पट्टी, कोंबडी. आईने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी मी मरत न्हाई?"

"मरशील गं, सगळेच मरतात. पण एवढ्यात हृदयाने तरी नाही."

"मग चुकलं कोन?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. "मी," मी म्हटलं. "फॉर्मवर तुझा व्यवसाय लिहायचा होता. मी गृहिणी लिहिलं. तुझं एवढं काम, आणि मी..."

आईने सुपातली फोलं बाजूला केली. "मला इचारलं असतंस तर मी बी त्येच सांगितलं असतं," ती म्हणाली. मग माझं डोकं जवळ ओढून तिने कुरवाळलं. शेंगांच्या मातीचा तो हात माझ्या केसांतून फिरत होता आणि मला वाटत होतं, हिने रागावून एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

मग आम्हा दोघींचं लक्ष जालिंदरकाकांकडे गेलं. ते दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले होते. चष्मा हातात होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"आवो, रडताय कशापाय?" आई म्हणाली. "चांगलं झालं की."

"चांगलं झालं. लई चांगलं झालं." त्यांनी बाहीने नाक पुसलं. "पर मी मनाशी ठरीवलं व्हतं, तुमी कवा ना कवा हो म्हणचाल. मग पाच वर्षं तुमच्या शब्दाभाईर जायचं न्हाई. आवाज चढवायचा न्हाई, एकदा सुदिक भांडायचं न्हाई. पाच वर्षं जमलं असतं मला. आता तीस वर्षं कसं जमायचं?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं आणि ते आवरेना. पदर तोंडाला लावून ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली.

"मग भांडू की," ती म्हणाली. "आता येळ हाय."